सासवण्याची सहल आणि पाहण्याचा पाठ

मुलांनो, गेल्या डिसेंबरात आपल्या शाळेची तिसरी-चौथीची सहल सासवण्याला जाऊन आली. सदतीस जण होते. जे लहान म्हणून मागे राहिले त्यांच्यासाठी, आणि जे आले पण परतीच्या वाटेवर झोपून गेले त्यांच्यासाठीही, हा पाठ लिहिला आहे. भित्तिपत्रकात जागा थोडी, म्हणून या खेपेस तीन कागद जोडून घेतले आहेत. उभ्याने वाचून पाय दुखले तर उरलेले मधल्या सुट्टीत वाचा. पालकांनीही वाचावे, कारण सुरुवात त्यांच्यापासूनच आहे.

सहलीच्या आधी पालकांची सभा झाली. सासवण्याला एका शिल्पकाराच्या घरी पुतळे पाहायला जायचे, असे मी सांगितले. मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, "गुर्जी, पोरांना दर्या दाखवा, किल्ला दाखवा. पुतळं काय बघायचं? ते महाडात हायेत की!"

आजोबांचे म्हणणे मला चुकीचे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारले, "चवदार तळ्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे, तो कोणी कोणी पाहिला आहे?" सगळे हात वर! 20 मार्चला तर आपल्याकडची कितीतरी घरे तिथे जातात. 1927 साली त्या दिवशी बाबासाहेब तळ्याचे पाणी प्यायले, हे तुम्हांला दुसरीपासून पाठ आहे. मग मी विचारले, "पुतळ्याचा उजवा हात कसा आहे? डावा कसा आहे? चश्मा आहे की नाही? पायांत काय आहे?" वर्गात सतरा तऱ्हेची उत्तरे आली. भांडणे झाली. आणि खरे सांगायचे तर मलाही छातीठोकपणे सांगता आले नाही! तीस वर्षे त्या तळ्यावरून जातो आहे. पाहिले होते, पण बघितले नव्हते. (तुम्ही येत्या बाजाराच्या दिवशी जाऊन नीट बघून या, आणि मला सांगा.)

एवढ्यावरून ठरले, की पुतळे पाहायलाच जायचे. पण त्याआधी पाहायला शिकून घ्यायचे.

पहिला धडा आपण जवळच घेतला. महाडपासून तीनेक किलोमीटरवर, मुंबईच्या वाटेला, हमरस्त्याच्या कडेलाच गांधारपाल्याची लेणी आहेत. पायऱ्या चढून वर गेलो की खाली गांधारी नदी सावित्रीला मिळते ते दिसते. तीसच्या आसपास लेणी आहेत; बौद्ध भिक्षूंसाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून ती करायला सुरुवात झाली. एका शिलालेखात विष्णुपालित नावाच्या कुमाराचे नाव आहे. हे सगळे मी पायथ्याशी सांगितले आणि म्हटले, "चला, बघा आता."

झाले! वानरे सुटावीत तशी तुम्ही सुटलात. या लेण्यातून त्या लेण्यात, ओरडून आवाज घुमतो का पाहा, कोण आधी शेवटच्या लेण्याला पोचतो पाहा. पंधराव्या मिनिटाला सगळे परत, धापा टाकत. "झालं गुर्जी, बघून!" तीस लेणी आणि पंधरा मिनिटे. एका लेण्याला अर्धे मिनिट. दुकानात खोडरबर घ्यायलासुद्धा तुम्ही यापेक्षा जास्त वेळ लावता.

मी रागावलो नाही. मोठी माणसेही संग्रहालयात असेच करतात. आता तर फोटो काढायला जेवढा वेळ थांबायचे तेवढेच थांबतात. मी तुम्हांला मोठ्या लेण्यात भिंतीला टेकून बसवले. तीन मिनिटे गप्प बसायचे. बोट दाखवायचे नाही, शेजाऱ्याला कोपर मारायचे नाही, नुसते बघायचे. पहिले मिनिट खुसखुशीत गेले. दुसऱ्या मिनिटाला शांत झाले. तिसऱ्याला, मला घड्याळ पाहून "संपले" म्हणवेना, इतके सगळे बघत होते.

मग डोळे मिटायला लावून विचारले. तिसरीतल्या एकीने सांगितले, भिंतीवर छिन्नीच्या रेघा आहेत आणि त्या सगळ्या तिरप्या आहेत. एक जण म्हणाला, "गुर्जी, खांब आणून नाय उभा केला, खांबाच्या भवतालचा डोंगर काढलाय." बघा, हे मी सांगितलेच नव्हते! लेणे बांधत नाहीत, कोरतात, हे वाक्य पुस्तकात आहे आणि तुम्ही ते पाठही केले आहे. पण त्याचा अर्थ त्या दिवशी त्याला डोळ्यांनी कळला. एक मुलगी भिक्षूच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर निजून पाहून आली आणि म्हणाली, "लय गार लागतंय. उशीपन नाय."

आता सासवणे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या उत्तरेला, मांडव्याच्या अलीकडे समुद्राकाठचे हे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या दगडाचे बांध. आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरांहून जास्त. पहाटे पाचला एस.टी. सुटली. माणगाव, कोलाड, नागोठणे, वडखळ, पोयनाड, मग कार्लेखिंड उतरून चोंढीवरून सासवणे. चार तास लागले. सात जणांना उलट्या झाल्या. लिंबे आणि पिशव्या पुढच्या बाईंकडे होत्या, म्हणून निभावले. पुढच्या वेळी ज्याला गाडी लागते त्याने पहाटे वडा खाऊन येऊ नये, एवढेच सांगतो.

सासवण्यात विनायक पांडुरंग करमरकर या शिल्पकाराचे घर आहे. गावात त्यांना नानासाहेब म्हणत. 1967 साली ते वारले. त्यांच्या घरातच त्यांची शिल्पे मांडलेली आहेत, काही खोल्यांत, काही बाहेर. गाडीतून उतरण्याआधी मी सगळ्यांच्या वह्या-पेन्सिली गोळा करून घेतल्या. काही जण हिरमुसले. कारण सांगतो. वही हातात असली की मुले पाटीवरचे नाव उतरवून घेतात, पुतळ्याकडे बघत नाहीत. सगळी नावे उतरली की सहल झाली असे त्यांना वाटते. आम्ही शिक्षकांनीच ही सवय लावली आहे, "उद्या निबंध लिहायचा आहे, सगळं टिपून घ्या" असे सांगून सांगून.

आत शिरताच अंगणात म्हैस! पुढचे सहा जण थबकले. पोलादपूरकडची, म्हशींत वाढलेली मुले ती. म्हशीला भिणारी नव्हेत. पण अनोळखी म्हैस मारकी आहे का, हे आधी बघायचे, ही घरची शिकवण. एकाने "हॉ हॉ" केले. म्हैस हलेना. मग चौथीतली एक मुलगी म्हणाली, "खोटी हाय. कान हलवीत नाय." जिवंत म्हैस माश्यांमुळे कान हलवल्यावाचून राहात नाही, हे तिला घरी रोज पाहून ठाऊक. त्या म्हशीपाशी आमची वीस मिनिटे गेली. मान कशी वळते, कातडे कुठे सैल पडते, पाठीचे हाड कुठून कुठवर दिसते, आणि आमची म्हैस अशी नाय, तिची शिंगं निराळी, वगैरे. आजोबांना मी मनात म्हटले, बघा, तुमच्या नातवाला घरची म्हैस आज नीट दिसली.

इथे हात लावण्याविषयी सांगून टाकतो. तुम्ही विचारलेत, "पुतळा का मोडणार हाय नुसता हात लावून?" एका हाताने मोडत नाही. पण देवळातल्या नंदीची पाठ आठवा. ती काळी आणि गुळगुळीत का झाली? येणारा प्रत्येक जण हात लावतो म्हणून. घराच्या दाराची चौकट कडीजवळ कशी मेणचट होते, तेही बघा. हाताला घाम असतो, तेल असते. प्लास्टरच्या पांढऱ्या पुतळ्यावर ते शोषले जाते आणि पुसून निघत नाही. नंदी दगडाचा, तो सोसतो. प्लास्टर सोसत नाही. म्हणून हात पाठीमागे बांधायचे. तुम्ही बांधलेत. एक-दोघांचे सुटले; त्यांची नावे इथे लिहीत नाही.

आत आम्ही सात-सात, आठ-आठ जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकच शिल्प दिले. सगळी बघायची नाहीत, एकच बघायचे. आधी समोरून, मग बाजूने, मग मागून. चित्राला मागची बाजू नसते, पुतळ्याला असते, आणि पुष्कळदा खरी गंमत मागेच असते. मग त्याच्यासारखे उभे राहायचे किंवा बसायचे, आणि दुखेस्तोवर तसेच राहायचे! कोळिणीच्या शिल्पापुढच्या मुलींना कळले, की एका पायावर भार टाकला की कंबर एकीकडे जाते आणि खांदा दुसरीकडे झुकतो. शंख फुंकणाऱ्याच्या शिल्पाचे नाव 'शंखध्वनी'. ते पाहणाऱ्या गटाने मुठीचे शंख करून फुंकले. फुंकताना गालच फुगत नाहीत, मानेच्या शिरा ताणतात, पोट आत जाते, हे त्यांनी एकमेकांच्या अंगावर शोधले आणि मग जाऊन शिल्पात पाहिले. नानासाहेबांनी आधी असेच कोणा माणसाला बसवून पाहिले असणार, नाही का?

पुतळा कसा करतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारले. तुम्हांला गणपतीचे कारखाने ठाऊक आहेत. आपल्या जिल्ह्यातले पेण त्यासाठी सगळीकडे प्रसिद्ध आहे. तिथला साचा तुम्ही पाहिला असेल. पुतळ्याचेही पुष्कळसे तसेच. आधी लोखंडी सळ्या-तारांचा सांगाडा उभा करतात, कारण नुसती माती स्वतःच्या वजनाने खाली बसते. सांगाड्यावर ओली माती थापून, कमी-जास्त करून पुतळा घडवतात. शिल्पकाराचे खरे काम ते. महिनोन् महिने चालते, आणि तोवर ओले फडके गुंडाळून माती ओली ठेवावी लागते. मग त्यावर प्लास्टर ओतून साचा काढतात. साच्यातली माती काढून टाकायची, ती गेली. मातीचा पुतळा संपला, त्याच्या आकाराची पोकळी उरली. त्या पोकळीत प्लास्टर, सिमेंट भरतात. धातूचा पुतळा करायचा तर ओतशाळेत आणखी बरेच सोपस्कार करून वितळवलेला धातू ओततात. करमरकरांनी सिमेंटमध्येही पुष्कळ शिल्पे केली. सिमेंट म्हणजे घराचा कोबा आणि पाण्याची टाकी, एवढेच आपल्याला माहीत!

हे सांगत असताना महाडातून आपल्या शाळेत आलेल्या एका मुलीने विचारले, "गुर्जी, पुराच्या चिखलाचा पुतळा होईल का?" 2021 च्या जुलैतला पूर तुमच्यापैकी मोठ्यांना आठवत असेल. तिच्या घरात माणूसभर पाणी होते आणि ते ओसरल्यावर गुडघाभर गाळ राहिला होता. त्या गाळाचा पुतळा, असे तिच्या मनात आले. मी म्हटले, करून बघू. परत आल्यावर आपण नदीकाठचा गाळ आणला, ठाऊक आहे ना? पहिल्या खेपेला वाळून सगळा तडकला, कारण त्यात रेती फार होती. दुसऱ्या खेपेला बादलीत कालवून, रेती खाली बसू देऊन, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ठेवले. दोन दिवसांनी तळाशी लोण्यासारखी माती बसली. तिची चिमणी तडकली नाही. कपाटावर आहे ती. चोच मात्र मोडली. ती पडल्यामुळे, मातीमुळे नव्हे.

जेवणे वाडीत सावलीला झाली. भाकरी, चटणी, कोणाची अंडी. जेवताना मी नानासाहेबांची गोष्ट सांगितली, ती आता लिहितो.

करमरकरांचा जन्म याच सासवण्यात, 1891 साली. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव 1981 पासूनचे. लहानपणापासून त्यांना चित्रे काढायचा नाद. गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचे चित्र काढले. पुढे ऑटो रॉथफील्ड नावाचे इंग्रज कलेक्टर गावात आले, तेव्हा त्यांच्या नजरेला ते पडले. चित्र कोणी काढले, अशी त्यांनी चौकशी केली, आणि खेड्यातल्या त्या मुलाची मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची वाट करून दिली. पुढे करमरकर कलकत्त्याला गेले, 1920 साली लंडनला शिकून आले. पुण्यात शिवाजीनगरला महाराजांचा घोड्यावरचा मोठा पुतळा आहे ना, साडेतेरा फूट उंचीचा? तो त्यांचा. 1928 सालचा. मुंबईला तो एकसंध ओतला आणि तिथून पुण्याला नेला. देवळाच्या भिंतीवरचे महाराज आणि पुण्याचे महाराज, दोन्ही एकाच हातचे.

गोष्ट इथे संपत होती. पण चौथीतल्या एका मुलाने विचारले, "गुर्जी, त्याला भिंत पुसाया नाय लावली?"

सगळी पोरे हसली. मी नाही हसलो. का, ते आलेल्यांना ठाऊक आहे. इतरांना सांगायला हवे.

पावसाळ्यात आपल्या शाळेच्या भिंती रंगवून घेतल्या. बोलक्या भिंती म्हणतात त्या. मुळाक्षरे, पाढे, जिल्ह्याचा नकाशा. पैसे गावाने वर्गणी काढून दिले होते. रंग वाळून आठ दिवस झाले नव्हते, तोच नकाशाच्या खाली या मुलाने चुलीतल्या कोळशाने जेसीबी काढला. हातभर लांब. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मी त्याला ओले फडके दिले, सगळ्यांदेखत पुसायला लावले, आणि तासभर बाहेर उभे केले. कोळसा ओल्या फडक्याने निघत नाही, पसरतो. शेवटी पेंटरकडून निळ्या रंगाचा हात मारून घेतला. तरी तो काळा डाग निळ्याखालून दिसतो, अजून दिसतो. त्या दिवसापासून हा मुलगा चित्रकलेच्या तासाला झेंडा आणि घागर एवढेच काढत होता. सांगितले तेवढे. मला वाटले, वळण लागले.

त्याला काय उत्तर द्यायचे? मी म्हटले, "त्याचं चित्र साहेबानं थांबून बघितलं. तुझं मी बघितलंच नाही. आधी फडकं शोधलं."

तो भाकरी खात होता. थोड्या वेळाने म्हणाला, "बरं झालं पुसलं ते, गुर्जी. बकेट उलटी झाली व्हती."

मग त्याने काडीने वाडीतल्या मातीत बकेट काढून दाखवली. माती उचलताना दात कसे वर येतात आणि ओतताना कसे खाली वळतात. महामार्गाच्या कामावर जेसीबी महिनाभर चालला होता, तेव्हा तो रोज शाळा सुटल्यावर बांधावर बसून बघत होता, म्हणे. तीन मिनिटे गप्प बसून बघायचा धडा मी त्याला गांधारपाल्याला शिकवायला निघालो होतो! दहा-बारा जण भोवती जमले. एकाने सांगितले, मागचा बूम तू बारका केलास. वाद झाला. एस.टी.चे चालकदादा जेवण सोडून उठून आले आणि चाकांच्या बाबतीत त्यांनी आपले मत दिले. तिथून निघायला आम्हांला पाऊण तास उशीर झाला. घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले, त्याबद्दल पालकांची माफी मागतो. उशिराचे खरे कारण हे होते.

पुढच्या वर्षी, सगळे जुळले तर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, वाई, सातारा करत औंधला जायचा विचार आहे. औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, 1938 साली तिथे टेकडीवर संग्रहालय उभारले. तिथे चित्रे आहेत, राजा रविवर्म्याची सुद्धा. चित्रे पाहणे पुतळ्यांहून निराळे, त्याचा धडा वेगळा घेऊ. मुंबईचे जहांगीर कलादालनही आहे, 1952 पासूनचे. पण मुंबई एका दिवसात झेपत नाही. घाटाची वळणे लक्षात घेऊन लिंबे मात्र दुप्पट घ्यावी लागतील.

आता एक सूचना. पाण्याच्या टाकीमागची भिंत, जिच्यावर काही रंगवलेले नाही, तिला शनिवारी सकाळी चुन्याचा हात द्यायचा आहे. पाचवीची मुले ब्रश आणतील. सोमवारपासून ती भिंत तुमची. प्रत्येकाला दोन हात रुंदीची जागा; पहिलीवाल्यांना खालची, म्हणजे पाटावर चढावे लागणार नाही. कोळसा घरून आणावा, चुलीतला, पुरता विझलेला. काय काढायचे हे शिक्षक सांगणार नाहीत. भिंत भरली की पावसाच्या आधी पुन्हा चुना मारू आणि पुन्हा काढू. डावीकडचा कोपरा एकाने आधीच मागून घेतला आहे. त्याला चार हात जागा हवी आहे. बकेट पुढे पसरते, म्हणतो.